बंदिस्त सार्वजनिक जागांतील धूम्रपानबंदी आणि तिचे पर्याय

उपाहारगृहे, कार्यालये, प्रतीक्षालये, चित्रपटगृहे, बस, रेल्वे यांसारख्या जागांत विडी, सिगारेट किंवा हुक्का ओढण्यास कायद्याने केलेल्या मनाईला बंदिस्त सार्वजनिक जागांतील धूम्रपानबंदी असे म्हणतात. सरसकट बंदीऐवजी धूम्रपान करणारे, न करणारे, व्यावसायिक आणि कामगार या सर्वांना न्याय्य ठरेल अशी दुसरी व्यवस्था शक्य आहे काय, हा या विषयातील जुना वाद आहे. स्वतंत्र धूम्रपान कक्ष, वायुवीजन, मालकाची निवड, परवाना पद्धत आणि परस्परसंमती हे त्यात प्रामुख्याने मांडले गेलेले पर्याय होत.

भारतात अशी बंदी २००४ पासून अमलात असून २००८ मध्ये तिचे नियम अधिक कडक करण्यात आले. तथापि ही बंदी संपूर्ण नाही. मोठी हॉटेले, मोठी उपाहारगृहे आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्षाची सवलत आहे. जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत चहाची दुकाने, खाणावळी आणि महामार्गावरील ढाबे मोठ्या संख्येने आहेत. अशा भागात ही सवलत कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही, यावरून न्याय्यतेचा प्रश्न विशेष स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी

धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या शरीरात जाणाऱ्या धुराला अप्रत्यक्ष धूम्रपान म्हणतात. जळत्या टोकातून निघणारा धूर आणि ओढणाऱ्याने सोडलेला धूर यांचे हे मिश्रण असते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक पदार्थ असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या परंतु पती धूम्रपान करत असलेल्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. त्यानंतरच्या संशोधनातून हृदयविकार, मुलांमधील दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांच्याशीही या धुराचा संबंध स्पष्ट झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अप्रत्यक्ष धूम्रपानामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांचा मृत्यू होतो.

हे पुरावे पुढे येण्यापूर्वी धूम्रपान हा शिष्टाचाराचा विषय मानला जात असे. पुरावे पुढे आल्यावर तो सार्वजनिक आरोग्याचा आणि कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय झाला. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी मद्यगृहांसह सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानास बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश होय.

भारतातील कायदेशीर चौकट

केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचे उल्लंघन असल्याचा निर्णय दिला. मुंबईतील काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला इतरांच्या धुराचा परिणाम नाइलाजाने का भोगावा लागावा, हा त्या निर्णयामागील मुख्य प्रश्न होता.

सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांसंबंधीचा अधिनियम २००३ मध्ये संमत झाला. तो 'कोटपा' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी असून उल्लंघनासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे. याच कलमाच्या परंतुकानुसार ३० खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ येथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते.

२ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी या तरतुदींना तपशील दिला. कामाची ठिकाणे, व्यापारी संकुले आणि चित्रपटगृहे सार्वजनिक ठिकाणांत स्पष्टपणे समाविष्ट झाली. उघड्या जागा मूळ कायद्यातून वगळलेल्या असल्या, तरी रेल्वेस्थानक, बसस्थानक आणि क्रीडांगण यांना ही सूट नसल्याचे नियमांत नमूद करण्यात आले. प्रवेशद्वाराशी ६० × ३० सेंटिमीटरचा सूचनाफलक लावणे आणि रक्षापात्रे, आगपेट्या किंवा लायटर न पुरवणे ही जबाबदारी मालक किंवा व्यवस्थापकावर आहे. तक्रार येऊनही त्याने कारवाई न केल्यास जितके गुन्हे घडले असतील, तितका दंड त्याला होऊ शकतो.

वादाचा गाभा

बंदीच्या विरोधात साधारणपणे तीन युक्तिवाद केले जातात. पहिला स्वातंत्र्याचा: तंबाखू विकणे व ओढणे कायदेशीर असताना प्रौढ व्यक्तीला ती ओढण्यास जागा नाकारणे विसंगत आहे. दुसरा मालमत्तेचा: खासगी मालकीच्या उपाहारगृहात कोणते वातावरण असावे, हे मालकाने ठरवावे आणि ज्याला ते मान्य नाही त्याने दुसरीकडे जावे. तिसरा उपजीविकेचा: गिऱ्हाईक घटल्याने लहान व्यावसायिकाचे नुकसान होते.

या युक्तिवादांना तात्त्विक आधारही दिला जातो. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोज यांनी १९६० मध्ये असे मांडले की, एकाच्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान होते तेव्हा प्रश्न दुहेरी असतो. कृती रोखली तर पहिल्याचे नुकसान होते आणि न रोखली तर दुसऱ्याचे. वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर दोघे आपसांत तोडगा काढू शकतात.

बंदीच्या समर्थकांचे उत्तर वाटाघाटींच्या याच अटीवर आधारलेले आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, इतरांना इजा होते तेथे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मर्यादा घालता येते. उपाहारगृहात येऊन अर्ध्या तासात निघून जाणारा ग्राहक दुसरे ठिकाण निवडू शकतो. वेटर, आचारी, गल्ल्यावरील कारकून आणि भांडी घासणारा कामगार मात्र तेथे दहा-बारा तास असतात. नोकरी सोडणे एवढीच त्यांची निवड असते. त्यामुळे कोणत्याही पर्यायाचे मूल्यमापन करताना ग्राहकाबरोबर कामगाराचाही विचार करावा लागतो.

सुचविलेले पर्याय

*परस्परसंमती.* भारतात हा पर्याय प्रत्यक्ष कायद्यात होता. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६७ मध्ये, डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये, अशी तरतूद करण्यात आली. कोणत्याही गाडीत पूर्ण मनाई करण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला वेगळा देण्यात आला. हरकत घेण्याचा हक्क सर्वांना असला तरी तो बजावण्याची ताकद सर्वांकडे सारखी नसते, ही या पद्धतीची मर्यादा होय. भुसावळसारख्या जंक्शनवरून रात्रीच्या गाडीने निघालेली एकटी स्त्री किंवा विनाआरक्षण डब्यातील मजूर गप्प राहिला, तर त्याचे मौन संमती समजले जाते. २००१ च्या निर्णयानंतर हक्क बजावण्याचे हे ओझे प्रवाशावर राहिले नाही.

*स्वतंत्र धूम्रपान कक्ष.* भारतीय नियमांनुसार असा कक्ष चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंतींनी वेगळा केलेला असावा लागतो. त्याचे दार आपोआप बंद होणारे हवे. आतील हवा थेट इमारतीबाहेर टाकली जावी आणि ती इतर भागांत पुन्हा मिसळू नये. तसेच कक्षात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवावा लागतो, म्हणजे दार उघडल्यावर धूर बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. कक्ष प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या मार्गावर असू नये. २०१७ च्या दुरुस्तीने या कक्षात कोणतीही सेवा पुरवण्यास मनाई केली. त्यामुळे वेटरला आत जाऊन वाढण्याचा प्रश्न तत्त्वतः मिटला, परंतु साफसफाई करणाऱ्याचा प्रश्न राहिला. या यंत्रणेचा खर्च मोठा असल्याने सवलत व्यवहारात मोठ्या व्यावसायिकांपुरती राहते.

*वायुवीजन व हवा शुद्धीकरण.* पंखे, एक्झॉस्ट आणि गाळण्या यांनी धूर कमी करावा व हवेच्या गुणवत्तेची मर्यादा ठरवावी, असा हा प्रस्ताव आहे. अशा यंत्रणेने वास व दृश्य धूर कमी होतो. मात्र वायुवीजन अभियंत्यांच्या ॲश्रे या अमेरिकेतील संघटनेने २००५ मध्ये, आरोग्याचा धोका परिणामकारकपणे दूर करण्याचा एकमेव मार्ग इमारतीत धूम्रपान न होऊ देणे हाच असल्याची भूमिका घेतली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालातही अप्रत्यक्ष धूम्रपानाची कोणतीही निर्धोक पातळी नसल्याचे म्हटले आहे.

*मालकाची निवड आणि दर्शनी फलक.* 'येथे धूम्रपान चालते' किंवा 'चालत नाही' असा फलक मालकाने लावावा आणि ग्राहकाने त्यानुसार निवड करावी, ही पद्धत स्पेनने अवलंबली. १ जानेवारी २००६ पासून १०० चौरस मीटरपेक्षा लहान मद्यगृहांना व उपाहारगृहांना हे स्वातंत्र्य मिळाले. त्यांपैकी बहुसंख्यांनी धूम्रपानास परवानगी दिली, कारण शेजारचा प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक ओढून नेईल ही भीती प्रत्येकाला होती. परिणामी धूम्रपान न करणाऱ्याला निवडीसाठी फारसे उरले नाही. २ जानेवारी २०११ रोजी स्पेनने ही मुभा रद्द केली.

*लहान व्यवसायांना सूट.* जर्मनीत काही राज्यांनी मोठ्या मद्यगृहांना वेगळी खोली ठेवू दिली होती. एकच खोली असलेल्या लहान मद्यगृहांना ते अशक्य होते. तेथील संघीय संविधान न्यायालयाने ३० जुलै २००८ रोजी ही व्यवस्था लहान मालकांवर अन्याय करणारी ठरवली. त्याच वेळी, सर्वांना समान लागू होणारी संपूर्ण बंदी संविधानाला धरूनच असेल, असेही सांगितले. नेदरलँड्सने २०११ मध्ये नोकर नसलेल्या, केवळ मालक चालवत असलेल्या लहान कॅफेंना सूट दिली. यात कामगाराचा प्रश्न उरत नव्हता. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही सूट आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराशी विसंगत ठरवली.

*परवाना पद्धत.* मद्यासाठी जसे परमिट रूमला परवाने दिले जातात, तसे ठरावीक संख्येने धूम्रपानगृहांचे परवाने द्यावेत, असा हा पर्याय आहे. महाराष्ट्रात हुक्का पार्लरच्या निमित्ताने त्याच्या जवळ जाणारा वाद झाला. मुंबई महापालिकेने घातलेल्या परवान्याच्या अटींविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २०१४ रोजी, नियमांनुसार असलेल्या धूम्रपान कक्षात हुक्का देता येतो, असा निर्णय दिला. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाल्यानंतर बंदीच्या मागणीला जोर आला. राज्याने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली आणि त्यासाठी एक ते तीन वर्षे कारावासाची तरतूद केली.

*इ-सिगारेट.* काही देशांत धूरविरहित उपकरणांकडे पर्याय म्हणून पाहिले जाते. भारतात २०१९ पासून इ-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी असल्याने हा मार्ग उपलब्ध नाही.

खानदेशातील संदर्भ

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६–१७ मध्ये महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. २००९–१० मध्ये धूम्रपान करणारे ६.६ टक्के होते. हे आकडे संपूर्ण राज्याचे असले, तरी त्यांवरून वादाचे प्रमाण लक्षात येते. बंदीमुळे गैरसोय होणारा वर्ग लहान आहे. मात्र मळलेली तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांचा मोठा वर्ग या बंदीच्या कक्षेबाहेर राहतो आणि त्यांच्यासाठी थुंकण्यावरील बंदीसारखे वेगळे नियम लागतात.

धुळे शहरात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरत–नागपूर महामार्ग पुढे जळगाव शहरातून जातो. या मार्गांवरील ढाब्यांवर कायद्यातील 'उघडी जागा' ही संज्ञा कसाला लागते. पत्र्याचे छप्पर आणि एकच भिंत असलेला ढाबा बंदिस्त मानावा काय, असा प्रश्न पडतो. भारतीय कायद्यात उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख असल्याने छपराखालील बैठक बंदीच्या कक्षेत येते. अंगणात टाकलेल्या बाजेबाबत मात्र मतभेदास वाव राहतो. इंग्लंडमध्ये छप्पर असून भिंतींचा अर्ध्याहून कमी भाग मोकळा असेल, तर जागा बंदिस्त समजली जाते. आंतरराष्ट्रीय कराराच्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ छप्पर असणे किंवा एखादी बाजू बंद असणेही पुरेसे आहे.

हवामानाचाही या वादाशी संबंध आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव व भुसावळ परिसरातील कमाल तापमान अनेकदा ४४–४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा दुपारी 'बाहेर जाऊन ओढा' हे सांगणे सोपे नसते. दुसरीकडे, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या असलेला कूलर बाहेरची हवा आत घेतो आणि त्यासाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. भिंतीवरील वातानुकूलन यंत्र मात्र बंद खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते व धूर बाहेर टाकत नाही. म्हणून कूलरच्या जागी वातानुकूलन आले की एकाच सिगारेटचा धूर खोलीत अधिक काळ राहतो. फॅमिली रूम वातानुकूलित करणाऱ्या उपाहारगृहांत बंदीचे महत्त्व त्यामुळे वाढते.

३० आसनांच्या अटीचा परिणामही येथे दिसतो. १२ आसनांच्या चहाच्या दुकानाला धूम्रपान कक्ष ठेवण्याचा अधिकारच नाही. ४० आसनांच्या खाणावळीला तो आहे, पण त्याचा खर्च झेपणे कठीण आहे. मोठ्या हॉटेलला अधिकारही आहे आणि ऐपतही. त्यामुळे वातानुकूलित कक्षातील सिगारेट नियमांत बसते आणि दुकानाच्या बाकावरील विडी नियमांत बसत नाही. दंडाची रक्कमही दोघांना सारखीच, कमाल २०० रुपये आहे. रोजंदारीवरील मजुराला ती जड जाते आणि सधन ग्राहकाला जाणवतही नाही. जर्मन न्यायालयापुढे आलेल्या प्रश्नाचेच हे स्थानिक रूप आहे.

न्याय्यतेचे निकष

वरील अनुभवांवरून पर्याय पारखण्यासाठी चार प्रश्न पुढे येतात. पहिला, ज्याने धूर स्वीकारलेला नाही, विशेषतः कामगार, त्याला तो टाळता येतो काय? दुसरा, लहान आणि मोठ्या व्यावसायिकाला नियम सारखा लागू होतो काय? तिसरा, हक्क बजावण्यासाठी दुर्बल व्यक्तीला बलवान व्यक्तीशी भांडावे लागते काय? चौथा, नियम पाळला जातो की नाही, हे साध्या डोळ्यांनी तपासता येते काय?

संमतीची पद्धत तिसऱ्या प्रश्नावर अपुरी पडते, मालकाची निवड पहिल्यावर, स्वतंत्र कक्ष दुसऱ्यावर आणि वायुवीजन पहिल्या व चौथ्यावर. उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर, सावलीची जागा ठरवून देणे हा पर्याय त्या मानाने चारही प्रश्नांना उतरतो. त्याला यंत्रणा लागत नाही, कामगाराला आत जावे लागत नाही आणि ऊन-पावसाचा आक्षेपही काही प्रमाणात दूर होतो. अट एवढीच की ती सावली चहूबाजूंनी बंद होऊन नव्याने बंदिस्त खोली बनता कामा नये. मात्र भर बाजारपेठेतील, पुढे रस्ता आणि मागे भिंत असलेल्या दुकानांना अशी जागा मिळणे अवघड असते.

सद्यःस्थिती

केंद्र सरकारने २०२१ च्या जानेवारीत चर्चेसाठी प्रसिद्ध केलेल्या कोटपा दुरुस्तीच्या मसुद्यात हॉटेले व उपाहारगृहांतील धूम्रपान कक्षांची सवलत काढून टाकणे आणि दंड वाढवणे प्रस्तावित होते. २०२४ पर्यंत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नव्हते.

अंमलबजावणीबाबतचे चित्र संमिश्र आहे. देशपातळीवरील सर्वेक्षणांनुसार घरात अप्रत्यक्ष धूम्रपानाला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९–१० मधील ५२.३ टक्क्यांवरून २०१६–१७ मध्ये ३८.७ टक्क्यांवर आले. बंदिस्त कामाच्या जागी मात्र हे प्रमाण २९.९ टक्क्यांवरून ३०.२ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच राहिले. घरापर्यंत कायदा पोहोचत नसताना तेथील धूर कमी झाला, तर कायदा लागू असलेल्या कामाच्या जागी तो कमी झाला नाही. घरात हरकत घेणारे आपले माणूस असते, कामाच्या जागी हरकत घेणारा नोकर असतो, हे या फरकाचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. त्यामुळे बंदी असो वा तिचा पर्याय, कामगाराने केलेली तक्रार त्याच्या रोजगारावर बेतणार नाही याची हमी मिळाल्याशिवाय कोणतीही व्यवस्था पूर्णपणे न्याय्य ठरत नाही.

हे सुद्धा पहा

* अप्रत्यक्ष धूम्रपान
* तंबाखू नियंत्रणावरील जागतिक आरोग्य संघटनेचा करार
* महाराष्ट्रातील गुटखाबंदी
* खानदेश